मोटार नसलेल्या गावाचा कारभार

पर्यटक आले तर गाव जगते, पण गाव टिकले तरच पर्यटक येतात. हा मेळ घालताना माथेरानची कसोटी लागली आहे.

रायगड जिल्ह्यातल्या माथेरानमध्ये पर्यटकाला आपली मोटार आणता येत नाही. ती दस्तुरी नाक्यावर ठेवायची, नगर परिषदेचा कर भरायचा आणि लाल मातीच्या वाटेने पुढे निघायचे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी या डोंगराचे नाव जगापुढे आणले. १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे धावू लागली. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी एवढाच तेव्हा वाहनबंदीला अपवाद होता.

या शांततेची किंमत मात्र कुणीतरी मोजत होते. सामान घोड्यांवर आणि हातगाड्यांवर यायचे. वृद्ध, आजारी माणसे हातरिक्षात बसायची आणि ती रिक्षा चढावर माणसे ओढायची. मोटार नको म्हणून माणसानेच ओझे ओढावे काय, हा प्रश्न अखेर न्यायालयात गेला.

२०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ई-रिक्षांच्या प्रयोगाला परवानगी दिली आणि डिसेंबरमध्ये त्या धावू लागल्या. या रिक्षा हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळाव्यात, असेही न्यायालयाने बजावले. पण हातरिक्षावाले ९४ आणि सुरुवातीची मर्यादा २० ई-रिक्षांची! उरलेल्यांनी काय करायचे? घोडेवाल्यांनाही आपला धंदा बुडण्याची धास्ती होती. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असेही सरकारला सुनावले.

वादाचा दुसरा मुद्दा रस्त्याचा. पावसात लाल माती वाहून जाते, म्हणून पेव्हर ब्लॉक हवेत, असे काहींचे म्हणणे. त्याने माथेरानचे माथेरानपणच जाईल, असे इतरांचे. न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ते बसवू दिले. जंगलातल्या पायवाटा आणि पॉइंटकडे जाणाऱ्या वाटा मात्र मातीच्याच ठेवायला सांगितले.

पर्यटनाचे नियोजन म्हणजे केवळ हॉटेले आणि जाहिराती नव्हेत. पाहुण्यांची सोय पाहताना झाडांचे, मातीचे आणि राबणाऱ्या हातांचे काय होणार, याचा हिशेबही त्यात यायला हवा. नाक्यावर भरलेल्या कराची पावती घेताना पाहुण्यांनीही तो ध्यानात ठेवावा.