सुटीतील सहल : गोवंडीच्या मुलांना दाराशीच असलेले जग

सुटी लागली की लहान मुलांच्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : आता कुठे जायचे ? अलीकडच्या काळात या प्रश्नाचे उत्तर बहुधा मोठमोठ्या करमणूक उद्यानांच्या जाहिरातींतून मिळते. उंच पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या आणि झगमगाट यांचे मुलांना आकर्षण वाटावे, हे स्वाभाविकच आहे. तथापि पाच माणसांच्या कुटुंबाने अशा ठिकाणी एक दिवस घालवावयाचा म्हटले, तर प्रवेशमूल्य, प्रवास आणि खाणेपिणे मिळून होणारा खर्च हातावर पोट असलेल्या कुटुंबाच्या कित्येक दिवसांच्या कमाईएवढा होतो. शिवाय यांतील बऱ्याच खेळांना उंचीची अट असल्याने तीनचार वर्षांच्या मुलाच्या वाट्याला केवळ बघ्याची भूमिका येते.

मुंबईच्या पूर्व उपनगरातील गोवंडीच्या संदर्भात हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. गोवंडी, देवनार, मानखुर्द हा भाग महानगरपालिकेच्या एम पूर्व विभागात मोडतो. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात हा विभाग शहरात सर्वांत खालच्या स्थानी होता. घरे लहान, गल्ल्या अरुंद आणि लगतच १९२७ पासून वापरात असलेली देवनारची कचराभूमी, असे येथील अनेक वस्त्यांचे चित्र आहे. जानेवारी २०१६ मध्ये या कचराभूमीस आग लागली, तेव्हा धुरामुळे परिसरातील काही शाळाही बंद ठेवाव्या लागल्या होत्या. अशा परिसरात वाढणाऱ्या मुलांसाठी मोकळी हवा आणि नवे दृश्य ही चैन नव्हे, ती निकोप वाढीची गरज आहे. बालहक्कांविषयीच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात विश्रांती, खेळ आणि सांस्कृतिक जीवनातील सहभाग हा मुलांचा हक्क मानण्यात आला असून भारताने १९९२ मध्ये त्यास मान्यता दिली आहे.

खाडीवरचे पाहुणे

गोवंडीच्या पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. या खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरांचा भाग २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीस आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजेच रामसर स्थळाचा, दर्जा मिळाला. ज्यासाठी दूरदूरचे अभ्यासक येतात, ते दृश्य वस्तीपासून हाकेच्या अंतरावर असूनही येथील किती मुलांनी पाहिले आहे, याचा विचार शिक्षकांनी अवश्य करावा.

रोहित पक्षी साधारणतः हिवाळ्याच्या आरंभी येऊ लागतात आणि मे अखेरपर्यंत, काही वेळा जूनपर्यंत, मुक्काम करतात. त्यामुळे नाताळची सुटी व उन्हाळी सुटीचा आरंभ हा काळ सोयीचा होय. हा पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळतो व त्यातील सूक्ष्म शेवाळ आणि जीव टिपतो. या आहारातील रंगद्रव्यांमुळेच त्याच्या पिसांना गुलाबी छटा येते. किनाऱ्यावरील तिवरांची जमिनीतून वर आलेली मुळे श्वासासाठी असतात, हे मुलांना पुस्तकातील चित्रापेक्षा प्रत्यक्ष पाहून लवकर उमगते.

ऐरोली येथे वन विभागाचे सागरी व किनारी जैवविविधता केंद्र असून तेथून नौकेतून खाडीची फेरी करता येते. ही फेरी भरतीच्या वेळेवर अवलंबून असल्याने आगाऊ चौकशी व नोंदणी करणे आवश्यक आहे. भरतीची वेळ ढोबळमानाने काढण्याची कोकण किनाऱ्यावरील जुनी रीत मुलांनाही शिकविता येईल. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या सुमारास. गणित, खगोल आणि भूगोल यांचा असा मेळ वर्गात क्वचितच जुळतो.

ज्यांना नौकेचा खर्च परवडत नाही, त्यांच्यासाठी मानखुर्दहून वाशीपर्यंतचा रेल्वे प्रवास हीही एक छोटी सहलच आहे. १९९२ मध्ये हा मार्ग वाशीपर्यंत सुरू झाला. ओहोटीच्या वेळी पुलावरून खाडीचा चिखलपट्टा, तिवरांचे पट्टे आणि पाणपक्षी दिसू शकतात.

कचऱ्यावर उभे राहिलेले वन

शीव व धारावीच्या दरम्यान, मिठी नदीकाठी, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे ३७ एकरांच्या या जागेवर एकेकाळी शहराचा कचरा टाकण्यात येत असे. ५ जून १९८३ रोजी ज्येष्ठ पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते येथे पहिले रोप लावण्यात आले आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज तेथे दाट झाडी, फुलपाखरे व पक्षी आढळतात. कचऱ्याचे डोंगर रोज पाहणाऱ्या गोवंडीच्या मुलांना या स्थळाइतका बोलका पाठ दुसरा नाही. कचराभूमी ही कायमची नियती नसते, मनुष्याने निश्चय केल्यास तेथेही वन उभे राहते, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते.

हार्बर मार्गाची देणगी

गोवंडीहून हार्बर मार्गाची गाडी थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाते. २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेली ही वास्तू स्वतःच पाहण्याजोगी आहे. तेथून जवळच १९२२ मध्ये लोकांसाठी खुले झालेले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय असून २०१९ पासून त्याच्या आवारात मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय आहे.

कुर्ल्यास गाडी बदलल्यास भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या राणीच्या बागेत, पोहोचता येते. १८६२ मध्ये खुल्या झालेल्या या बागेत २०१७ पासून पेंग्विनही पाहावयास मिळतात. मात्र बागेतील जुने वृक्ष हे पेंग्विनांइतकेच मोलाचे आहेत. लगतच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरी बेटावरील ज्या हत्तीमुळे पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले, तोच हा हत्ती. इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात तो भंगला व पुढे जोडून येथे उभारण्यात आला. ही कथा सांगितली की मुले त्या दगडापाशी आपोआप थबकतात. बाग सामान्यतः बुधवारी बंद असते, हे लक्षात ठेवावे.

वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र हे आणखी एक उपयुक्त स्थळ होय. आंतरराष्ट्रीय बालक वर्षात, १९७९ मध्ये, येथे मुलांसाठी विज्ञानोद्यान सुरू झाले व १९८५ मध्ये केंद्राचे उद्घाटन झाले. ‘हात लावू नका’ ऐवजी ‘हाताळून पाहा’ हे तेथील तत्त्व लहान मुलांच्या स्वभावाशी जुळणारे आहे.

काही पथ्ये

लहान मुलांची सहल यशस्वी होण्यासाठी एका दिवशी एकच ठिकाण निवडावे. पाच वर्षांचे मूल दोन तासांत थकते, मग उरलेला दिवस सर्वांनाच जड जातो. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघून दुपारच्या आत परतणे श्रेयस्कर. पाणी, घरची पोळीभाजी, टोपी आणि जलसंजीवनीची पुडी बरोबर असावी. उपनगरी रेल्वेत पाच वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही व पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट असते. गर्दीच्या वेळा मात्र कटाक्षाने टाळाव्यात. मुलाच्या खिशात पालकांचे नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

जलप्रवासात तर किंचितही हयगय नको. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी नौकेस झालेल्या भीषण अपघाताने हा धडा मोठी किंमत घेऊन शिकविला आहे. प्रत्येक मुलास त्याच्या मापाचे जीवरक्षक जाकीट घातल्याखेरीज नौका सुटू देऊ नये.

शाळा आणि पंचायतींचे कार्य

ज्या घरांत आईवडील दोघेही रोजंदारीवर जातात, तेथे सहलीची जबाबदारी केवळ पालकांवर सोडून चालणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दप्तराविना दिवस सुचविले आहेत. त्यांतील एक दिवस खाडीकिनारी व एक निसर्ग उद्यानात घालविता येईल. मोठ्या विद्यार्थ्यांनी पाहून आलेली स्थळे धाकट्या भावंडांना दाखवावीत, असा उपक्रमही शाळांना हाती घेता येईल. अंगणवाडीतील मुलांसाठी चार घरांच्या मातांनी मिळून आळीपाळीने सहल काढल्यास खर्च व श्रम दोन्ही विभागले जातात.

हाच विचार ग्रामीण भागासही लागू पडतो. गावाची नदी, देवराई, तलाव, जुनी बारव किंवा जवळचा किल्ला ही मुलांची पहिली सहल ठरावी. जैवविविधता कायद्यानुसार तयार होणाऱ्या लोकजैवविविधता नोंदवहीसाठी झाडे व पक्षी ओळखण्याचे काम मुलांच्या फेरीतून सहज होऊ शकते. पंचायतीने त्यासाठी पिण्याचे पाणी, सावली व सुरक्षित वाट एवढी सोय केली तरी पुरे.

आपल्या परिसराची ओळख झालेले मूल पुढे त्या परिसराची काळजीही घेते. कचराभूमीच्या पलीकडे गुलाबी पक्ष्यांचे थवे उतरतात, हे गोवंडीतील प्रत्येक मुलाने एकदा तरी पाहिले पाहिजे. त्यासाठी लागते ती मोठी रक्कम नव्हे, तर एक सकाळ, एक रेल्वेचे तिकीट आणि बोट धरून नेणारे एखादे वडीलधारे माणूस.