पोळ्याचा डाव, मोबाईलवरचा पोकर आणि दुकानाचा गल्ला

मागच्या व्हिडिओत आपण खेळत्या भांडवलाबद्दल बोललो, तेव्हा मी जाता जाता म्हटलं होतं की पोकर नीट समजला तर उधारीचा धोका मोजायला सोपं जातं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, मग पोकर खेळायचा का?" उत्तर एका ओळीत देता येणार नाही, म्हणून आज कागदावर हिशोब मांडू. व्हिडिओत आकडे पटकन निघून जातात. इथे थांबून वाचता येतील.

पत्ते आपल्याला काही नवीन नाहीत. विदर्भात पोळा म्हटला की बैलांच्या झुली आणि पुरणपोळीबरोबर तीन पत्तीही आलीच. ढाणकी, उमरखेड, पुसद, कुठंही जा. पोळ्याच्या दोन-चार दिवस आधीपासून डाव मांडले जातात, आणि पोळा झाल्यावर पेपरात पोलिसांच्या धाडीच्या बातम्याही येतात. गंमत बघा, 2025 साली पोळा आला 22 ऑगस्टला, आणि नेमक्या त्याच दिवशी ऑनलाईन पैशांच्या खेळांवर बंदी आणणाऱ्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. कायद्याकडे नंतर येतो. आधी खेळ समजून घेऊ.

तीन पत्तीत 52 पानांतून तीन पानं हातात येतात. असे एकूण 22,100 वेगवेगळे हात होतात. त्यातले ट्रेल फक्त 52, प्युअर सिक्वेन्स 48, साधी सिक्वेन्स 720, कलर 1,096 आणि जोडी 3,744. उरलेल्या 16,440 हातांत काहीच नसतं, नुसतं मोठं पान. म्हणजे चारपैकी तीन वेळा तुमच्या हातात काही नाही, आणि समोरच्याच्याही हातात बहुतेक काही नाही. दोघंही काही नसताना चाल वाढवत राहतात. यात डोकं लागतंच नाही असं मी म्हणणार नाही, पण माहिती फार थोडी असते. समोरच्याचं एकही पान दिसत नाही.

पोकर इथेच वेगळा होतो. सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन पानं, आणि मध्ये टेबलावर सगळ्यांसाठी पाच पानं उघडी. पण ती पाच एकदम उघडत नाहीत. आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. हातात दोन पानं आली की बोलीची एक फेरी, आणि पुढे प्रत्येक उघडणीनंतर एक-एक, अशा चार फेऱ्या. हातातली दोन आणि टेबलावरची पाच, अशा सातांतून सगळ्यात चांगली पाच धरायची. "ब्लाइंड" हा शब्द दोन्हीकडे आहे, पण अर्थ वेगळा. आपल्याकडे ब्लाइंड म्हणजे पानं न बघता चाल. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे पानं वाटण्याआधी दोन खेळाडूंनी पाळीपाळीने टाकायची सक्तीची रक्कम, म्हणजे कोणी फुकट बसून चांगल्या पानांची वाट बघू शकत नाही.

आता खरा हिशोब. समजा मध्ये 300 रुपये जमलेत. टेबलावर चार पानं उघडली आहेत, आणि तुम्हाला बदामाचं एक पान आलं की तुमचा फ्लश होतो, म्हणजे पाच बदाम. समोरचा 100 रुपये लावतो. तुम्ही 100 द्यायचे की पानं टाकायची?

मध्ये आता 400 आहेत. 100 देऊन 400 मिळवायचे, म्हणजे पाचात एकदा तरी जिंकायला हवं, 20 टक्के. तुम्हाला न दिसलेली पानं 46, त्यात बदामाची उरलीत 9. म्हणजे शक्यता 19.6 टक्के. बघा, 20 हवेत आणि आहेत साडेएकोणीसच्या जरा वर. अगदी काठावर. फ्लश झाला की जिंकलो असं धरलं, तरी असा कॉल शंभर वेळा दिला तर सरासरी दर कॉलला दोन रुपयांच्या आसपास तोटा. खेळाडूला तो कधीच जाणवत नाही, कारण पाचात एकदा तो जिंकतो आणि तेवढंच त्याच्या लक्षात राहतं.

उधारीचंही हेच आहे, आणि म्हणून मी पोकरचं उदाहरण देतो. शंभराच्या मालावर तुमचं मार्जिन दहा रुपये असेल, तर एका गिऱ्हाईकाची शंभराची उधारी बुडाली की ते नव्वद रुपये भरून काढायला नऊ चांगली गिऱ्हाईकं खर्ची पडतात. "देईल हो तो" ही शक्यता नाही, ती भावना आहे. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने 1928 साली खेळांच्या सिद्धान्तावर लेख लिहिला, आणि पुढे 1944 मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाबरोबर त्याचं जाडजूड पुस्तक केलं. त्यात पोकरमधल्या थापेबाजीला, म्हणजे ब्लफला, चक्क गणितात बसवलंय. व्यापारातल्या घासाघिशीचा अभ्यास करणारे लोक आजही तिथूनच सुरुवात करतात.

तर मग खेळायला हरकत काय? इथे नाल येते.

जुन्या लोकांना हा शब्द माहीत आहे. डाव ज्याच्या जागेवर बसतो, तो प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढतो, ती नाल. ऑनलाईन पोकरमध्ये तिला रेक म्हणतात. शब्द इंग्रजी झाला, काम तेच. मघाचाच डाव घ्या. तुम्ही जिंकलात तर मध्ये एकूण 500 होतात. त्यातून 5 टक्के रेक धरला तर 25 रुपये आधीच गेले. मग मघाचा दोन रुपयांचा तोटा एकदम सात रुपयांवर जातो. खेळ तोच, पानं तीच, खेळाडू तोच.

आणखी सोपं करून सांगतो. सहा मित्र घरी बसले, प्रत्येकी हजार रुपये. एकूण सहा हजार. घरात नाल नसेल तर रात्री बाराला उठताना खोलीत सहा हजारच असतात. या खिशातले त्या खिशात, एवढंच. आता तेच सहा जण नाल घेणाऱ्या ॲपवर बसले. सरासरी डाव शंभराचा धरा आणि नाल पाच टक्के. मोबाईलवर पानं वाटायला वेळ लागत नाही, तासाला साठ डाव सहज होतात. साठ डाव गुणिले पाच रुपये, म्हणजे तासाला तीनशे. वीस तासांत सहा हजार संपले! सहाही जण सारखेच हुशार असले तरी संपले. दिवसाला दोन तास धरले तर दहा दिवस. घरी हाताने पानं पिसून तासाला पंचवीसच्या आसपास डाव होतात, त्यामुळे घरच्या खेळाची गळतीही हळू असते. वेग हाच ॲपचा धंदा आहे. किराणावाल्याला माल फिरण्याचं महत्त्व मी सांगायला नको, इथे फिरणारा माल तुम्ही असता.

शिवाय कर. 1 ऑक्टोबर 2023 पासून ऑनलाईन पैशांच्या खेळात भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागू झाला. म्हणजे तेव्हा शंभर भरले की हिशोबाने खेळायला उरायचे 78. बरेच ॲप बोनस देऊन ते झाकत होते. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के टीडीएस. नाल, जीएसटी आणि टीडीएस हे तिन्ही ओलांडून जो वर्षाअखेरीस फायद्यात राहतो, तो माणूस पोकरमध्ये खरोखर पट्टीचा म्हणायचा. असे लोक आहेत. निकिता लूथर या भारतीय खेळाडूने 2018 मध्ये लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये ब्रेसलेट जिंकलं. 2003 साली ख्रिस मनीमेकर नावाच्या अमेरिकन अकाउंटंटने छोटी फी भरून ऑनलाईन पात्रता मिळवली आणि मुख्य स्पर्धेत 25 लाख डॉलर घेऊन गेला. त्यानंतर जगभर लोकांनी पोकरचे ॲप उघडले. त्या स्पर्धेत 839 जण होते. मनीमेकरवर किती व्हिडिओ निघाले ते मोजता येणार नाही. उरलेल्या 838 मधली पाच नावं सांगून दाखवा.

पट्टीच्या खेळाडूंची एक गोष्ट मात्र प्रत्येक दुकानदाराने उचलावी. हजाराच्या टेबलावर बसायचं तर ते साधारण वीस ते तीस हजार वेगळे काढून ठेवतात. हे पैसे घरखर्चाचे नाहीत, कुणाचे देणं नाहीत. त्यातून ठरावीक रक्कम गेली की ते छोट्या टेबलावर उतरतात. आपल्याकडे उलटं होतं. हरलेला माणूस मोठ्या टेबलावर जातो, "एकदाच काढून घेतो" म्हणून. आणि पैसा कुठून येतो? गल्ल्यातून. क्यूआर कोडवर दिवसभर जमलेले पंधरा हजार त्याला "माझे" वाटतात. भाऊ, त्यातले बारा-तेरा हजार होलसेलवाल्याचे आहेत. कृषी केंद्रवाल्याचं तर आणखी अवघड. कास्तकार पैसे देणार सोयाबीन-कापूस घरात आल्यावर, आणि कंपनीचा चेक लागणार त्याआधी. या मधल्या दोन महिन्यांत खात्यात दिसणारी रक्कम फार मोठी वाटते.

आता कायदा. महाराष्ट्रात जुगाराचा मूळ कायदा 1887 चा आहे. निव्वळ कौशल्याचे खेळ त्यातून वगळलेत. सुप्रीम कोर्टाने 1967 मध्ये रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ म्हटलं, तीन पत्तीला मात्र नशिबाचा. पण त्याच निकालात एक बारीक गोष्ट आहे जी लोक विसरतात: रमी असली तरी खेळातून जागेचा मालक नफा काढत असेल, तर गुन्हा ठरू शकतो. म्हणजे पुन्हा नालच. पोकरवर कोर्टांचं एकमत नाही, गुजरात हायकोर्टाने 2017 मध्ये त्याला नशिबाचा खेळ ठरवलं होतं. त्यामुळे "पोकर कौशल्याचा आहे, काही होत नाही" असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला वकिलाकडे पाठवा. गोव्यात मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी आहेत, तो गोव्याचा कायदा. आपल्याकडे कॅसिनोचा कायदा 1976 मध्ये झाला, कधी लागूच झाला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला.

2025 च्या केंद्रीय कायद्याने कौशल्य की नशीब हा वादच बाजूला ठेवला. पैसे लावून ऑनलाईन खेळ चालवणं गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. नुसता खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. पोकरबाजी, एमपीएल, झुपी अशा नावाजलेल्या कंपन्यांनी त्याच आठवड्यात पैशांचे खेळ थांबवले. फुकट चिप्सचा पोकर यात येत नाही. शिकायचं असेल तर तोच खेळा, गणित तेच आहे.

मला खरी भीती आहे ती पुढच्या भागाची. नावाजलेले ॲप थांबले की टेलिग्रामवर लिंका फिरायला लागतात. प्ले स्टोअरवर नसलेली फाईल, व्हॉट्सॲपवरचा "एजंट", आणि पैसे भरायला दर दोन दिवसांनी नवीन यूपीआय आयडी. हे आयडी कोणाचे असतात? बहुतेक वेळा भाड्याने घेतलेल्या खात्यांचे. त्या खात्यात कुठल्या तरी ऑनलाईन फसवणुकीचा पैसा आलेला असतो. तिथून तुमचे "जिंकलेले" आठ हजार तुमच्या करंट खात्यात आले, आणि फसलेल्या माणसाने 1930 वर तक्रार केली, की पैशाचा माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँक रक्कम होल्ड करते, कधी कधी अख्खं खातं गोठवते. तक्रार दुसऱ्या राज्यातली असली तर तिथल्या सायबर पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसायचं. तोपर्यंत काउंटरवरचा क्यूआर बंद, होलसेलवाल्याचा चेक बाउन्स. आठ हजारांपायी.

ही फक्त छोट्यांची गोष्ट नाही. 2023 मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाईन जुगाराच्या ॲपवर 58 कोटी गमावल्याची तक्रार केली, आणि नागपूर पोलिसांनी गोंदियात संशयिताच्या घरावर छापा टाकून कोट्यवधींची रोकड आणि किलोने सोनं जप्त केलं. त्या व्यापाऱ्यालाही मधेमधे जिंकल्याचे आकडे दिसतच होते.

म्हणून दोन कामं आजच करा. दुकानाच्या करंट खात्याचं मागच्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि ओळखीचं नाव नसलेली प्रत्येक एंट्री, आलेली आणि गेलेली, पेनाने गोल करा. सीसी लिमिट वाढवायला किंवा मुद्रा लोन मागायला गेलात की बँकेचा माणूस हेच करणार आहे. दुसरं, दुकानात बसणाऱ्या पोराला किंवा पुतण्याला कोणी "तुझं खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार देतो" म्हटलंय का, ते विचारा. रागावून नको, जेवताना विचारा. रागावलात तर तो सांगणार नाही.

पुढच्या व्हिडिओत गल्ला आणि घरखर्च वेगळे ठेवण्याची वही दाखवतो, तेव्हा स्टेटमेंट हाताशी असू द्या.