मालक फिरला, आता पुढे काय?

विसार दिला, कर्ज मंजूर झालं आणि मालकाचा फोन आला, "आम्हाला आता विकायचं नाही." जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात अशा वेळी सल्ले देणारे भरपूर भेटतात. त्यातले काही नेहमीचे सल्ले तपासून पाहू.

गैरसमज : मालकाने विसाराची दुप्पट रक्कम दिली की विषय संपला.
वस्तुस्थिती : दुपटीचा नियम कायद्यात नाही. करारात तशी अट असली तरी करार कायद्याच्या कलम ७४ नुसार त्या आकड्याच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. घरच हवं असेल, तर खरेदीखत करून मागण्यासाठी दिवाणी दावा लावता येतो. स्पेसिफिक रिलीफ कायद्यातल्या २०१८च्या दुरुस्तीपासून असा हुकूम देणं पूर्वीसारखं न्यायालयाच्या मर्जीवर राहिलेलं नाही.

गैरसमज : करार दाखवला की हुकूम मिळतो.
वस्तुस्थिती : आपण शेवटपर्यंत तयार होतो, हे खरेदीदारालाच सिद्ध करावं लागतं. न्यायालयाने सांगितल्याशिवाय पैसे भरावे लागत नाहीत. पण कर्जमंजुरीचं पत्र, खात्याचा उतारा आणि "खरेदीखताला अमुक तारखेला या" अशी मालकाला पाठवलेली नोटीस हाताशी हवी. तोंडी बोलण्यावर भागत नाही.

गैरसमज : साठेखत नोंदवलेलं नाही, म्हणजे हात बांधले गेले.
वस्तुस्थिती : नोंदणी कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे अशा दाव्यात ते पुरावा म्हणून चालतं. मुद्रांक कमी असेल तर तो दंडासह भरावा लागतो. मात्र नुसत्या टोकनच्या पावतीवर कोणतं घर, किती किंमत हेही नसेल, तर दावा लंगडा पडतो.

गैरसमज : दावा लागला की मालकाला घर दुसऱ्याला विकता येत नाही.
वस्तुस्थिती : त्यासाठी मनाई हुकूम मागावा लागतो. शिवाय महाराष्ट्रात दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी. तशी नोंद असली, तर नंतर घर घेणाराही निकालाला बांधला जातो.

गैरसमज : महारेरा किंवा पोलीस बघून घेतील.
वस्तुस्थिती : महारेरा बिल्डरच्या प्रकल्पांसाठी आहे, दोन व्यक्तींमधला जुन्या घराचा व्यवहार तिथे जात नाही. सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू नसेल, तर शब्द मोडणं हा फौजदारी गुन्हा होत नाही.

दाव्याची मुदत ३ वर्षं. करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नकार कळल्यापासून. आणि दाव्यातच "घर नाही, तर विसार परत" ही पर्यायी मागणी लिहून घ्या. न मागता न्यायालय तो परत करायला सांगत नाही.