इंजिनाचा रंग : शोभेपेक्षा संरक्षण महत्त्वाचे

नांदेड/लातूर, प्रतिनिधी : मोटारीचे इंजिन उतरवून नव्याने बांधायचे ठरले की बोअर, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग यांच्या खर्चाची चर्चा होते. रंगाचा विषय मात्र शेवटी येतो आणि बहुतेक मालक तो मिस्त्रीवर सोपवून मोकळे होतात. एमएच-२६ आणि एमएच-२४ क्रमांकाच्या अनेक जुन्या गाड्यांच्या बॉनेटखाली रुपेरी रंगाने चकाकणारे इंजिन दिसते. परंतु हाच रंग नको त्या ठिकाणी लागला, तर हजारो रुपयांचे काम वाया जाऊ शकते.

रंग कशासाठी?

इंजिनाला रंग देण्याचे मुख्य कारण गंज हे आहे. बिडाच्या ब्लॉकवर दमट हवेचा परिणाम लगेच होतो, तर ॲल्युमिनियमवर स्वतःचाच संरक्षक थर तयार होत असल्याने त्याला रंगाची फारशी गरज नसते. १९८३ ते २०१४ या काळात तयार झालेल्या मारुती ८०० मोटारीच्या ७९६ सीसी इंजिनात ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे होते. अशा इंजिनात रंगाची खरी गरज ब्लॉकला असते. दुसरा फायदा तपासणीचा. फिकट, स्वच्छ रंगावर ऑइलची गळती चटकन नजरेस पडते. अमेरिकेत शेव्हरोलेट इंजिनांचा नारिंगी रंग ही त्या कंपनीची ओळखच बनली होती.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या आपल्या भागात रंगामुळे इंजिन तापेल, अशी शंका काही जण घेतात. पातळ थराने असा फरक पडत नाही, कारण इंजिनाची बहुतांश उष्णता शीतक द्रव, ऑइल आणि धूर यांच्यावाटे बाहेर जाते. मात्र रेडिएटरच्या बारीक जाळीवर जाड रंग थापणे टाळलेच पाहिजे.

निम्मे काम स्वच्छतेचे

रंगाचे पोपडे निघतात, त्यामागे बहुतेक वेळा अपुरी स्वच्छता असते. डिझेलने धुतलेला ब्लॉक स्वच्छ दिसला तरी त्यावर तेलाचा पातळ थर राहतो व रंग धातूला धरत नाही. म्हणून डिझेलनंतर साबणाच्या गरम पाण्याने धुणे आणि शेवटी थिनरने पुसणे आवश्यक असते. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात पाण्याची काटकसर समजण्यासारखी आहे. तरीही ही पायरी गाळता येत नाही. बिडाच्या भागांसाठी कॉस्टिक सोड्याचे गरम द्रावण चालते, परंतु त्यात ॲल्युमिनियमचे हेड बुडवले तर धातूच खाल्ला जातो. धुतलेले बीड काही वेळातच गंजू लागते. त्यामुळे कॉम्प्रेसरच्या हवेने ते लगेच सुकवून प्रायमर द्यावा आणि रंग न द्यायच्या यंत्रकाम केलेल्या पृष्ठांना ऑइल लावावे.

येथे रंग नको

सिलिंडरचे बोअर, हेड आणि ब्लॉक यांची गॅस्केट बसणारी पृष्ठे, ऑइल सीलच्या जागा, बोल्टचे आटे आणि सेन्सर टेपने झाकावेत. गॅस्केटखाली रंग राहिला तर तो तापून दबतो, बोल्टचा ताण कमी होतो आणि गळती सुरू होते. ब्लॉकच्या आत पडलेला रंग सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकला, तर बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचत नाही व नवे इंजिन पुन्हा खोलावे लागते. अर्थिंगची पट्टी जोडण्याची जागाही उघडी हवी. तेथे रंग असल्यास स्टार्टर सुस्त फिरतो आणि दोष विनाकारण बॅटरीवर जातो.

उष्णतेनुसार निवड

चालू इंजिनात शीतक द्रवाचे तापमान साधारणपणे ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ब्लॉक, चेंबर व टॅपेट कव्हरला इंजिनासाठीचा उष्णतारोधक इनॅमल पुरेसा होतो. धुराचा मॅनिफोल्ड मात्र कित्येकशे अंशांपर्यंत तापतो. तेथे साधा रंग जळून धूर व दुर्गंधी येते, म्हणून सिलिकॉनयुक्त विशेष रंग वापरावा लागतो. तो टप्प्याटप्प्याने तापवल्यावरच पक्का होतो. एक जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर अधिक टिकतात. फवारणी मोकळ्या हवेत, आगीपासून दूर आणि योग्य मास्क लावून करावी. हार्डनर मिसळण्याच्या काही रंगांतील आयसोसायनेट श्वसनास घातक असते.

झळाळीला भुलू नका

बाहेरचा रंग आतला दोष दूर करत नाही. बोअरच्या जड पाण्याने ब्लॉकच्या पाणीमार्गात क्षार साचले असतील, तर रंगवलेले इंजिनही तापणारच. त्यावर पाणीमार्गाची सफाई आणि शुद्ध पाण्यात मिसळलेले कूलंट हाच उपाय आहे.

जुनी गाडी घेताना बाकी गाडी धुळकट आणि इंजिन तेवढेच ताजे रंगवलेले आढळले, तर केलेल्या कामाची व सुट्या भागांची बिले मागावीत. गाडी काही किलोमीटर चालवून गळती पुन्हा पाहावी. इंजिन क्रमांक रंगाखाली बुजला नसल्याची खात्रीही करावी. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना आरटीओच्या तपासणीत हा क्रमांक स्पष्ट वाचता यावा लागतो. रंगकामापूर्वी त्यावर टेपची एक पट्टी चिकटवली, तर पुढचे हेलपाटे वाचतात.