हिरड्याचा तुरटपणा आणि जिवाणूंचे पेशीपटल

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडे, नाणेघाटापासून आहुपे-भीमाशंकरपर्यंतच्या डोंगरपट्ट्यात, अनेक महादेव कोळी कुटुंबांच्या उन्हाळ्यातील कमाईला हिरड्याचा मोठा आधार असतो. आठळी टणक होण्यापूर्वी उतरवलेले कोवळे फळ उन्हात वाळून काळे पडते आणि बाळहिरडा म्हणून विकले जाते. हिरड्याचा तुरटपणा टॅनिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो व त्यांतील अनेकांच्या रेणूंत गॅलिक आम्ल गुंफलेले असते. खाद्यतेल खवट होऊ नये म्हणून त्यात मिसळली जाणारी गॅलेट परिरक्षके याच आम्लापासून बनतात. उद्योगांना ते आम्ल इतर वनस्पतींपासूनही मिळते, पण रेणू तोच असतो.

तेल हवेतील ऑक्सिजनमुळे खवट होते, कारण त्याच्या रेणूंतून हायड्रोजन निसटला की अस्थिर कण तयार होतात आणि ते शेजारच्या रेणूंनाही बिघडवत जातात. गॅलिक आम्लाच्या कड्यावरील तीन हायड्रॉक्सिल गट आपला हायड्रोजन देऊन ही साखळी तोडतात. म्हणूनच अशा द्रव्याला प्रतिऑक्सिडीकारक म्हणतात.

जिवाणूंवरील परिणाम मात्र या आम्लाला जोडलेल्या कार्बनच्या शेपटीवर बराच अवलंबून असतो. प्रोपिल गॅलेटच्या शेपटीत 3, ऑक्टिल गॅलेटच्या 8 आणि डोडेसिल गॅलेटच्या 12 कार्बन अणू असतात. जिवाणूचे पेशीपटल हा मेदरेणूंचा दुहेरी थर असून, पेशीतील पोटॅशियम आत राखणे आणि श्वसनातून ऊर्जा मिळवणे ही दोन्ही कामे त्याच्याच आधाराने चालतात. ऑक्टिल गॅलेटची तेलस्नेही शेपटी या थरात रुतते, तर जलस्नेही डोके पृष्ठभागाशी राहते. त्यामुळे मेदरेणूंची मांडणी विस्कटते, पटल गळू लागते आणि श्वसनसाखळी अडखळते. शेपटी फार आखूड असेल तर रेणू थरात नीट शिरत नाही, आणि फार लांब असेल तर तो पाण्यात विरघळून जिवाणूपर्यंत पोहोचत नाही.

सर्व जिवाणू सारखेच बळी पडत नाहीत. 1884 मध्ये हान्स क्रिश्चन ग्रॅम यांनी प्रसिद्ध केलेल्या रंगपरीक्षेनुसार त्यांचे दोन मोठे गट पडतात. स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम-धन जिवाणूंचे पेशीपटल या रेणूंना तुलनेने सहज सापडते, ई. कोलायसारख्या ग्रॅम-ऋण जिवाणूंभोवती मात्र आणखी एक बाह्यपटल असते आणि ते तेलस्नेही रेणूंना बाहेरच थोपवते.

हिरड्यातील टॅनिनांना अशी शेपटी नसते. ती प्रथिनांना चिकटतात आणि लोह बांधून ठेवतात. ओला हिरडा लोखंडी विळ्याने चिरला की पात्यावर उमटणारा निळसर-काळा डाग हीच क्रिया दाखवतो. लोहाविना बहुतेक जिवाणूंची वाढ खुंटते, आणि प्रथिने आवळली गेल्याने त्यांची विकरेही निकामी होऊ शकतात.

तरीही परिरक्षक हा स्वच्छतेला पर्याय नव्हे. तेल टिकवण्यासाठी पुरेशी असणारी अल्प मात्रा जिवाणू रोखण्यास पुरेलच असे नाही, आणि मात्रा मनाला येईल तशी वाढवताही येत नाही. सुरक्षिततेची पुरेशी माहिती सादर न झाल्याने युरोपीय संघाने 2018 मध्ये ऑक्टिल व डोडेसिल गॅलेटची परवानगी काढून घेतली. ‘नैसर्गिक’ किंवा ‘रासायनिक’ या शिक्क्यावरून अशा द्रव्याची पारख होत नाही; रेणूची घडण, त्याची मात्रा आणि समोरच्या जिवाणूचे कवच या तिन्हींचा एकत्र विचार केला, तरच डोंगरातल्या या तुरट फळाचे खरे मोल कळते.