कोथिंबीर ते धने: तेलातले टक्के कसे वाचायचे?

जालन्यात मस्तगड भागातल्या कुठल्याही भाजीवाल्याकडून कोथिंबिरीची एक जुडी घ्या आणि किराणा दुकानातून थोडे धने. (बुलढाण्याकडचे मित्र जुडीला सांभार म्हणतील, चालतंय.) दोन्ही चुरडून हुंगा. झाड एकच, कोरिअँड्रम सटायव्हम. वास मात्र दोन वेगळ्या झाडांचे वाटावेत इतके निराळे.

पानांच्या तेलात मुख्यतः १० ते १२ कार्बनची आल्डिहाइडं असतात: डेकॅनाल, ई-२-डेसेनाल, ई-२-डोडेसेनाल. ढेकण्या किडा चिरडला की जो उग्र वास येतो, तो याच कुळातला. धन्याच्या तेलात मात्र साधारण ६० ते ८० टक्के लिनालूल, म्हणजे एक टर्पीन अल्कोहोल.

हा बदल फळात घडतो. हिरव्या फळात तेलाच्या नलिका दोन प्रकारच्या असतात. सालीकडच्या नलिकांत आल्डिहाइडं, तर फळाची दोन दलं जिथे जुळतात तिथल्या आतल्या नलिकांत लिनालूल. फळ पिकून वाळताना बाहेरच्या नलिका चेपतात आणि आल्डिहाइडं निघून जातात. आतल्या नलिका टिकतात. म्हणून धने डब्यात महिनोन्‌महिने वास धरतात. पानांना असं संरक्षण नाही, त्यामुळे वाळलेली कोथिंबीर जवळपास गवतच! आई वरणावर कोथिंबीर शेवटी टाकते, तेही यामुळेच.

आता खरी मेख. समजा हिरव्या फळात आल्डिहाइडं ८० भाग आणि लिनालूल २० भाग आहे. पिकताना आल्डिहाइडं ५ भागांवर आली, लिनालूल होतं तेवढंच राहिलं. जीसी-एमएसचा तक्ता सांगेल: लिनालूल २० टक्क्यांवरून ८० टक्के! प्रत्यक्षात एक थेंबही वाढला नाही. फळात लिनालूल खरोखर तयार होतंच, पण किती, हे पीक एरियाच्या टक्क्यांवरून कळत नाही. त्यासाठी इंटर्नल स्टँडर्ड घालून दर ग्रॅम कोरड्या वजनामागे मिलिग्रॅम काढावे लागतात. कितीतरी पेपरांत ही पायरी गाळलेली दिसते आणि निष्कर्षात बिनधास्त 'वाढ झाली' असं लिहिलेलं असतं.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'कोथिंबिरीचं तेल' एवढंच लिहू नका. पेरणीनंतर कितव्या दिवशी तोडली, फुलोऱ्याआधी की नंतर, ताजी की सावलीत वाळवलेली, क्लेव्हेंजरमध्ये किती तास उकळली, हे सगळं पहिल्याच नमुन्यापासून वहीत उतरवा.