वारशाचा धोका आणि तपासणीची निवड



सोयरीक जुळविताना आपण स्वतःचे गोत्र, मामाचे गोत्र, मूळ गाव सारे कागदावर मांडतो. आजीला वा आत्याला कोणता आजार होता, हे मात्र कोणी लिहीत नाही. मुलीच्या विवाहात अडथळा नको म्हणून ते दडविलेच जाते. स्तनाच्या कर्करोगाबाबत हे मौन महाग पडते. बीआरसीए जनुकांतील दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो, आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. आत्याचा आजार भाचीच्याही खात्यावर नोंदवावा लागतो, तो यामुळे.

माझ्या नात्यातील एका भगिनीची आई व मावशी याच रोगाने गेल्या. तिने सोनोग्राफी करविली, अहवाल निर्दोष आला, घर निर्धास्त झाले. दीड वर्षाने गाठ हाताला लागली. एका पावतीवरून आम्ही सारे खाते जुळल्याचे मानले होते.

टोरंटो येथे बीआरसीए दोष असलेल्या 236 स्त्रियांच्या चारही प्रकारच्या तपासण्या करून त्यांची तुलना झाली. निष्कर्ष 2004 साली प्रसिद्ध झाले. एकूण 22 कर्करोग आढळले. त्यांपैकी एमआरआयने 77 टक्के, मॅमोग्राफीने 36 टक्के, सोनोग्राफीने 33 टक्के ओळखले. हाताने केलेल्या तपासणीत अवघे 9 टक्के सापडले. तरुण वयात स्तन घन असतात. क्ष-किरणांच्या चित्रात घन भागही पांढरा व गाठही पांढरी, म्हणून मॅमोग्राफी चकते. एमआरआयमध्ये शिरेतून दिलेले द्रव्य रक्तपुरवठा वाढलेली जागा उजळून दाखविते.

अर्थात एमआरआयलाही उणी बाजू आहे. त्याच अभ्यासात रोग नसताना संशय घेण्याचे प्रमाण एमआरआयमध्ये हजारी सुमारे 46, मॅमोग्राफीत केवळ 2 होते. शिवाय चुन्याचे सूक्ष्म कण मॅमोग्राफीलाच नीट दिसतात. म्हणूनच असा दोष असलेल्या स्त्रियांना 25 व्या वर्षापासून दरवर्षी एमआरआय आणि 30 नंतर जोडीला मॅमोग्राफी, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे.

कोणी म्हणेल, मुंबईत टाटा रुग्णालयाने तर हाताच्या तपासणीचाच पुरस्कार केला. खरे आहे. 1998 पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे चाललेल्या त्या प्रयोगात पन्नाशीपुढील स्त्रियांतील मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. पण त्या सर्वसाधारण स्त्रिया होत्या. ज्या घरात दोन-तीन पिढ्या हा रोग आहे, तेथे तो हिशेब लावू नये.

परभणी, सेलू, जिंतूरच्या भगिनींनी प्रथम छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात कौटुंबिक इतिहास सांगून सल्ला घ्यावा. एमआरआय ठरल्यास केंद्रात स्तनांसाठीची स्वतंत्र कॉइल आहे का, हे आधी विचारावे. प्रत्येक यंत्रासोबत ती नसते.

त्या भगिनीचे उपचार पूर्ण झाले आहेत. तिच्या 28 वर्षांच्या कन्येची जनुक चाचणी सदोष आली, आणि पर्युषण आटोपताच मायलेकी तपोवन एक्सप्रेसने पहिल्या एमआरआयसाठी मुंबईस गेल्या. मुलीचे स्थळ पाहणे चालू आहे. या वेळी तिच्या वडिलांनी समोरच्यांना सारे आधीच सांगितले आहे.